स्पोरिसायडल जंतुनाशकं: लेबलवरची मिनिटं आणि फरशीवरची मिनिटं

आधी निकाल सांगते, कारणं नंतर. मी रुग्णालयाच्या संसर्ग नियंत्रणाचं काम बघते. औषधं निर्जंतुक पद्धतीने तयार करणारी आमची क्लीनरूमही माझ्याच अखत्यारीत येते. दोन्ही ठिकाणी स्पोर, म्हणजे जिवाणूंचं कवचात झोपलेलं चिवट रूप, मारणारी तीन रसायनं आम्ही बरेच महिने वापरली: सोडियम हायपोक्लोराइट (हायपो किंवा ब्लीच), नुसतं हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि पेरॅसिटिक ॲसिड व हायड्रोजन पेरॉक्साइडचं तयार मिश्रण. स्पोर तिन्ही मारतात. तरी क्लीनरूममध्ये मिश्रण राहिलं, वॉर्डात हायपो राहिलं आणि पेरॉक्साइडचे वाइप फक्त उपकरणांसाठी उरले. ही वाटणी मारकशक्तीवरून झाली नाही. कोणतं रसायन सांगितलेला वेळ पृष्ठभागावर ओलं राहतं आणि ते वापरताना माणसं खोलीत टिकतात का, या दोनच प्रश्नांवरून झाली.

रोजच्या सफाईला स्पोरिसायडल, म्हणजे स्पोर मारणारं रसायन, लागत नाही, हेही सुरुवातीलाच सांगायला हवं. 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि क्वाट म्हणजे क्वाटर्नरी अमोनियमची जंतुनाशकं बहुतेक सगळं काम चोख करतात. पण स्पोरपुढे ती हात टेकतात. बॅसिलस किंवा क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल (सी. डिफ, जुलाब घडवणारा जिवाणू) जेव्हा स्पोर बनतो तेव्हा आतलं पाणी बरंचसं काढून टाकतो, डीएनएभोवती खास प्रथिनं गुंडाळतो, कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक ॲसिडने गाभा भरतो आणि वर प्रथिनांचं थरावर थर असलेलं कवच चढवतो. अल्कोहोल त्याला इतकं निरुपद्रवी असतं, की जैविक निर्देशकांसाठीचे, म्हणजे निर्जंतुकीकरण झालं का ते तपासायला वापरायचे, स्पोर प्रयोगशाळेत अल्कोहोलच्या द्रावणात साठवून ठेवतात. 2011 मध्ये अमेरिकेत बॅसिलस सेरियसने दूषित झालेले अल्कोहोलचे स्वॅब बाजारातून परत मागवावे लागले होते. क्लीनरूमसाठीचं अल्कोहोलसुद्धा 0.2 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलेलं किंवा गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेलं का घ्यायचं, याचं उत्तर यातच आहे. हा धडा तसा जुनाच. रॉबर्ट कॉखने 1881 मध्येच दाखवून दिलं होतं की त्या काळी सर्रास भरवशाचं मानलं जाणारं कार्बोलिक ॲसिड अँथ्रॅक्सच्या स्पोरवर फारसं चालत नाही.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे वेळ. लेबलवर 3, 5 किंवा 10 मिनिटं लिहिलेली असतात. त्या आकड्याचा अर्थ एवढाच, की तितका वेळ पृष्ठभाग डोळ्यांना ओला दिसत राहिला पाहिजे. पुसून झाल्यावर घड्याळात तितकी मिनिटं गेली, हे त्यात बसत नाही. वॉर्डात पंखा चालू असेल तर पलंगाच्या कठड्यावरचा पातळ थर दोन-तीन मिनिटांत वाळतो. क्लीनरूममध्ये तर आणखी कठीण. एकदिश हवेच्या झोताखाली, जिथे हवेचा वेग सेकंदाला 0.45 मीटरच्या आसपास ठेवतात, तिथे स्टीलची टेबलटॉप बघता बघता कोरडी पडते. कोणतंही जंतुनाशक घेण्याआधी आम्ही साधी चाचणी करायला लागलो. नमुन्याची बाटली मागायची, आपल्याच कापडाने, आपल्याच खोलीत, एसी नेहमीसारखा चालू ठेवून पुसायचं आणि हातात स्टॉपवॉच धरायचं. 10 मिनिटं लिहिलेलं एक उत्पादन 4 मिनिटांच्या आत वाळलं. म्हणजे ते दोनदा, कधी तीनदा लावावं लागणार. मग रसायन तिप्पट, मनुष्यतास तिप्पट आणि पृष्ठभागावर साचणारा अवशेषही तिप्पट. विक्रेत्याच्या तुलनेच्या तक्त्यात यातलं काहीही दिसत नाही.

कापडाचाही यात मोठा हात असतो. सुती किंवा सेल्युलोजच्या कापडाला क्वाट चिकटून बसतं, आणि क्लोरीन त्या कापडाशीच झटापट करत खर्ची पडतं. बादलीतलं द्रावण बरोबर असलं तरी कापडातून पृष्ठभागावर उतरणारं द्रावण कमजोर. पॉलिएस्टरच्या विणलेल्या वाइपनंतर आमचा हा प्रश्न बराचसा मिटला. घडी घालून प्रत्येक फटक्याला कोरी बाजू, वरून खाली, स्वच्छ भागाकडून घाण भागाकडे, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढलेला: हे ऐकायला बालवाडीतलं वाटतं. पण कितीतरी स्पोर रसायनाने मरण्याऐवजी वाइपबरोबर उचलून बाहेर जातात, आणि गोल गोल पुसणारा हात ते खोलीभर वाटत फिरतो.

हायपोबद्दल दोन्ही बाजूंनी बोलायला हवं. त्याच्याइतकं स्वस्त आणि सहज मिळणारं दुसरं काही नाही. सी. डिफच्या रुग्णाच्या खोलीसाठी 5000 पीपीएम (दहा लाख भागांत 5000 भाग) क्लोरीन ही अनेक ठिकाणी पाळली जाणारी पातळी आहे. मूळ द्रावण 5 टक्क्यांचं असेल तर एक भाग हायपो आणि नऊ भाग पाणी, हिशोब संपला. गोम 'असेल तर' या शब्दांत आहे. उजेड आणि उष्णता हायपो खात राहतात, त्यामुळे गोदामात पडून राहिलेल्या डब्यात लेबलवरचे 5 टक्के राहिलेले नसतात. क्लोरीन मोजायच्या पट्ट्या विकत घेतल्यापासून आमचे निम्मे वाद संपले. पातळ केलेलं द्रावण त्याच दिवशी वापरायचं, उरलं तर ओतून द्यायचं.

दुसरी भानगड पीएचची. क्लोरीनचं खरं मारक रूप म्हणजे हायपोक्लोरस ॲसिड. पीएच 7.5 च्या आसपास ते आणि हायपोक्लोराइट आयन जवळपास निम्मे-निम्मे असतात. साधं ब्लीच पातळ केल्यावरही बरंच अल्कधर्मी राहतं, म्हणून बहुतेक क्लोरीन कमजोर रूपात असतं आणि वेळ जास्त लागतो. हे वाचून कोणी त्यात व्हिनेगर किंवा दुसरं आम्ल घालायच्या फंदात पडू नये. क्लोरीन वायू सुटतो. शौचालयाच्या ॲसिडची बाटली आणि हायपोचा डबा एकाच ट्रॉलीवर ठेवायचा नाही, असा आम्ही नियम केला. मावशींनी तो सगळ्यात आधी उचलला, कारण त्या वासाने कधी ना कधी त्यांचेच डोळे चुरचुरलेले असतात. अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबरही हायपो चालत नाही, क्लोरॅमाइन तयार होतं.

हायपोचा मोठा शत्रू म्हणजे घाण. रक्त, विष्ठा, अन्नाचा अंश, जे सेंद्रिय असेल ते क्लोरीन गिळून टाकतं. आधी डिटर्जंटने धुणं आणि मग हायपो, हा क्रम मोडला की 5000 पीपीएम कागदावरच राहतं. त्यानंतर पाण्याने पुसून घ्यायचं. हे टाळलं तर काही आठवड्यांत स्टीलवर मिठाचा पांढरा थर दिसतो, आणि पुढे क्लोराइडमुळे 304 या प्रकारच्या स्टीलवर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडायला लागतात. 316 थोडं जास्त तग धरतं, पण तेही अभेद्य नाही. क्लीनरूममधून हायपो बाहेर पडलं ते या खड्ड्यांमुळे. जिथे जिवाणू लपतील अशा जागा आपणच तयार करायच्या, याला काय अर्थ आहे?

पेरॅसिटिक ॲसिड आणि पेरॉक्साइडचं मिश्रण क्लीनरूममध्ये सगळ्यात कमी कटकटीचं ठरलं. काम झालं की ते मोडून ॲसेटिक ॲसिड, ऑक्सिजन आणि पाणी उरतं. थोड्या सेंद्रिय घाणीपुढेही ते क्लोरीनइतकं पटकन हार मानत नाही. आम्ही तयार द्रावण घेतो, निर्जंतुक, दुहेरी पिशवीत पॅक केलेलं. युरोपच्या जीएमपीचा, म्हणजे औषधनिर्मितीच्या नियमावलीचा, ॲनेक्स 1, जो 2022 मध्ये सुधारला गेला आणि ऑगस्ट 2023 पासून लागू झाला, तो ग्रेड ए आणि बी या सर्वांत स्वच्छ भागांतलं जंतुनाशक वापरण्याआधी निर्जंतुक असावं असं सांगतो. संहत द्रावण आणून पातळ करायचं तर पाणी कुठलं, गाळायचं कसं, उघडलेल्या बाटलीची मुदत किती, हे सगळं पडताळून लिहून ठेवावं लागतं. मोठ्या कारखान्याला ते परवडतं. आमच्या एवढ्याशा खोलीला तयार बाटलीच बरी.

तक्रार एकच आहे, पण ती मोठी आहे. वास. लोणच्याच्या बरणीत नाक घातल्यासारखा उग्र आंबट भपका येतो आणि डोळ्यांत पाणी उभं राहतं. हा भपका नुसता नकोसा नाही. पेरॅसिटिक ॲसिडसाठी अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संस्थेने, एसीजीआयएचने, अल्पकाळाची मर्यादा 0.4 पीपीएम ठेवली आहे, म्हणजे फारच थोडी. छोट्या एअरलॉकमध्ये, म्हणजे क्लीनरूमच्या आधीच्या दोन दारांच्या खोलीत, हवा कमी बदलते, म्हणून तिथे फवारायचं नाही, वाइप भिजवून पुसायचं, असं ठरवलं. फवाऱ्याने बारीक तुषार श्वासात जातात आणि पृष्ठभागावर मात्र ठिपके-ठिपके पडतात, तेव्हा फवारणं तसंही वाईटच. दमा असलेल्या सहकाऱ्याला या कामावर लावत नाही. नायट्राइल हातमोजे आणि बंद गॉगल यांत सूट नाही.

धातूंचंही बघावं. स्टेनलेस स्टील हे मिश्रण निभावतं, पण पितळ, तांबं आणि गॅल्वनाइज्ड लोखंड खराब होतं. आमच्या एका जुन्या दाराची पितळी बिजागरी हिरवट पडली तेव्हा बिजागऱ्या बदलल्या, रसायन बदललं नाही.

नुसत्या पेरॉक्साइडच्या वाइपबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. वास कमी, हात खूश. मॉनिटर, इन्फ्युजन पंप, कीबोर्ड यांना सोयीचे. डब्याचं झाकण नीट लागलं नाही तर वरचे वाइप सुकतात आणि सुकलेला वाइप हा महागडा रुमाल असतो. काही उत्पादनांत सर्फॅक्टंट (साबणासारखा घटक) जास्त असल्याने पडद्यावर चिकट थर राहतो. आणि 'पेरॉक्साइड' लिहिलंय म्हणजे स्पोरिसायडल, असं मुळीच नाही. कमी तीव्रतेची कित्येक पेरॉक्साइड उत्पादनं फक्त जिवाणू आणि विषाणूंसाठीच तपासलेली असतात.

म्हणून डेटाशीट वाचताना 'स्पोरिसायडल' शब्दापुढे बोट ठेवून पुढचं वाचायचं. ईएन 13704 या युरोपीय चाचणीत बॅसिलस सबटिलिसवर 3 लॉग घट (हजारातला एकच उरावा; प्रत्येक लॉगला दहापट) मागतात, आणि तिची ठरलेली अट 20 अंश सेल्सियसला 60 मिनिटं अशी आहे. उद्योग आणि अन्नक्षेत्रासाठीची ही चाचणी दाखवून रुग्णालयाला माल विकला जातो. वैद्यकीय क्षेत्रासाठी ईएन 17126 आहे आणि ती 4 लॉग मागते. दोन्ही चाचण्या द्रावणात होतात. स्पोर रसायनात चारी बाजूंनी बुडालेले असतात. फरशीच्या भेगेत वाळून बसलेल्या स्पोरचं तसं नसतं. अमेरिकी फार्माकोपियाचा, म्हणजे औषधांच्या मानकग्रंथाचा, 1072 क्रमांकाचा अध्याय पृष्ठभागावरच्या चाचणीत स्पोरसाठी 2 लॉग आणि साध्या जिवाणूंसाठी 3 लॉग धरतो, त्यावरून अडचण किती आहे ते कळावं. पुढचा प्रश्न: चाचणी 'स्वच्छ' स्थितीत केली की 'मळक्या'? स्वच्छ स्थितीत लिटरला 0.3 ग्रॅम अल्ब्युमिन हे प्रथिन घाण म्हणून घातलेलं असतं, मळक्या स्थितीत 3 ग्रॅम आणि वर रक्तपेशी. वॉर्डासाठी घेताना मी मळक्या स्थितीचाच आकडा मागते. एका प्रतिनिधीने तो दिलाच नाही, मीही पुढे बोलले नाही. क्लीनरूमसाठी मात्र आपल्या स्वतःच्या पृष्ठभागांचे तुकडे, म्हणजे स्टील, विनाइल, इपॉक्सी, पॉलिकार्बोनेट, घेऊन आणि आपल्याच खोलीत सापडलेले बॅसिलस वापरून चाचणी करून घ्यावी. प्रयोगशाळेच्या संग्रहातल्या जिवाणूपेक्षा घरचा जिवाणू चिवट निघू शकतो.

निकाल तपासतानाही एक खाच आहे. पुसल्यावर लगेच काँटॅक्ट प्लेट (जिवाणू वाढवायच्या माध्यमाची छोटी ताटली) टेकवली तर पृष्ठभागावर उरलेलं रसायन प्लेटमध्ये जातं आणि तिथेही वाढ दाबून टाकतं. प्लेट कोरी, सगळे आनंदी. त्यामुळे माध्यमात उतारा असायला हवा: क्लोरीनला थायोसल्फेट, पेरॉक्साइडला कॅटलेज किंवा पायरुव्हेट, क्वाटला लेसिथिन आणि पॉलिसॉर्बेट 80. उतारा खरंच काम करतोय का, तेही एकदा तपासावं लागतं.

'रोटेशन', म्हणजे जंतुनाशकं आलटून-पालटून वापरणं, या शब्दावरून आमच्याकडे बरीच चर्चा झाली. दर महिन्याला दोन क्वाट आलटून-पालटून वापरून काहीही साधत नाही, दोघांनाही स्पोर भीक घालत नाहीत. ॲनेक्स 1 ला हवंय ते एकाहून जास्त प्रकारची जंतुनाशकं आणि त्यांत अधूनमधून स्पोरिसायडल. आम्ही रोज क्वाट, आठवड्यातून एकदा मिश्रण, आणि दुरुस्तीसाठी छत उघडलं किंवा प्लेटवर बॅसिलस दिसला की लगेच मिश्रण असं चालवतो. त्यानंतर अवशेष काढायला निर्जंतुक पाणी किंवा अल्कोहोल.

आणि तरीही, सगळ्यात मोठा फरक बाटलीने पाडला नाही. स्पोर येतात पुठ्ठ्याच्या खोक्यांवरून, ट्रॉलीच्या चाकांवरून आणि कागदांवरून. खोकी बाहेरच उघडायची आणि आतली पाकिटं पास-थ्रूमध्ये (भिंतीतल्या दोन दारांच्या कपाटात) स्पोरिसायडलने पुसून ओली असतानाच आत ठेवायची, असं सुरू केल्यावर प्लेटवरचे बॅसिलस डोळ्यांत भरण्याइतके कमी झाले. वॉर्डात दुसरी गोष्ट: सी. डिफच्या रुग्णाजवळून उठल्यावर सॅनिटायझर चोळणं पुरत नाही, साबण-पाण्यानेच हात धुवायचे. हे सिस्टरना माहीत असतं, भेटायला आलेल्या नातेवाइकांना नसतं, म्हणून पाटी बेसिनवर न लावता दाराच्या आतल्या बाजूला लावली आहे.

पुढच्या खरेदीच्या मागणीपत्रात चार गोष्टी घातल्या आहेत: मळक्या स्थितीतला ईएन 17126 चा अहवाल, 5 मिनिटांहून जास्त संपर्कवेळ नको, उघडल्यानंतरची मुदत लेखी, आणि खरेदीआधी आमच्या खोलीत स्टॉपवॉच लावून पुसून दाखवणं. चौथी अट वाचून दोन पुरवठादारांनी फोन केला.