निळा उजेड दिसतो, पण किरण पोहोचतात का? अतिनील जलशुद्धीकरण यंत्राचा चौदा महिन्यांचा अनुभव

सिंकखाली बसवण्याचे हे अतिनील किरणांचे यंत्र मी चौदा महिने रोज वापरत आहे. पाच मायक्रॉनची गाळणी, तिच्या पुढे स्टीलचे नळकांडे, त्याच्या मधोमध क्वार्ट्‌झची नळी आणि नळीत पाऱ्याच्या बाष्पाचा दिवा, एवढीच त्याची रचना आहे. साधी काच हे किरण अडवते, म्हणून क्वार्ट्‌झ लागतो.

दिव्यातून मुख्यतः २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण निघतात आणि ते जंतूंच्या डीएनएमधील शेजारशेजारचे थायमिनचे घटक एकमेकांना जखडून टाकतात. जंतू त्या क्षणी मरतोच असे नाही. परंतु त्याला आपली संख्या वाढवता येत नाही आणि त्यामुळे तो आजारही पसरवू शकत नाही. पाण्यात काहीच मिसळले जात नसल्याने चव आणि वास जसेच्या तसे राहतात, आणि हे यंत्र घेण्यामागचे माझे पहिले कारण तेच होते. दुसरे कारण क्रिप्टोस्पोरिडियम. हा परजीवी क्लोरिनला फारशी दाद देत नाही. १९९३ साली अमेरिकेतील मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून तो पसरला आणि अंदाजे चार लाख लोक आजारी पडले. अतिनील किरणांच्या अगदी कमी मात्रेतही तो निष्प्रभ होतो. ॲडिनोव्हायरस मात्र चिवट असून त्याला कितीतरी जास्त मात्रा लागते.

माझी मुख्य तक्रार यंत्राच्या झाकणातून दिसणाऱ्या निळ्या उजेडाबद्दल आहे. तो पाहून सर्व ठीक आहे असे मी आठ महिने मानत होतो. प्रत्यक्षात निर्जंतुक करणारे किरण डोळ्यांना दिसतच नाहीत, आणि दिसतो तो उजेड केवळ दिवा पेटल्याची खूण असतो. एकदा नळी बाहेर काढली, तेव्हा तिच्यावर लोह आणि चुन्याचा पिवळट तपकिरी थर बसलेला आढळला. म्हणजे दिवा पेटत होता, पण पाण्यापर्यंत किरण किती पोहोचत होते हे सांगायला यंत्रात काहीच नव्हते. घरगुती यंत्रांच्या वरच्या श्रेणीसाठी प्रति चौरस सेंटिमीटर ४० मिलिज्यूल ही मात्रा प्रमाण मानली जाते आणि ती मिळते की नाही हे सांगणारा संवेदक त्या श्रेणीत अपेक्षित असतो. येथे त्याऐवजी फक्त तास मोजणारा टायमर दिला आहे. दिव्याचे आयुष्य सुमारे ९,००० तास, म्हणजे अखंड चालवल्यास साधारण एक वर्ष, असते आणि त्यानंतरही तो पेटत राहतो, म्हणून टायमर निरुपयोगी नाही. परंतु नळीवर साचलेला थर त्याला कसा कळणार?

त्याहून गंभीर उणीव म्हणजे वीज गेली तरी पाणी वाहतच राहते. प्रवाह आपोआप बंद करणारी झडप असती, तर प्रक्रिया न झालेले पाणी पेल्यात आले नसते. नळ पूर्ण सोडला तर पाणी दिव्यासमोर कमी वेळ थांबते, ही गोष्ट माहितीपत्रकात शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत छापली आहे.

पहिल्या पानावर 'संपूर्ण शुद्ध पाणी' असे ठळक लिहिले आहे, ते मला पटत नाही. विरघळलेले क्षार, शिसे आणि आर्सेनिक यांना हे किरण काहीही करत नाहीत, आणि क्लोरिनसारखा परिणाम पाण्यात मागे राहत नसल्याने भरून ठेवलेले पाणी पुन्हा दूषित होऊ शकते. ज्यांचे पाणी स्वच्छ दिसते, ज्यात क्षार बेताचे आहेत आणि भीती फक्त जंतूंची आहे, त्यांना मी हे यंत्र सुचवेन, मात्र संवेदक आणि झडप असलेलेच. गढूळ पाण्यात कणांच्या आडोशाने जंतू वाचतात, तेव्हा तेथे आधी गाळणीवर खर्च करावा.

देखभाल अवघड नाही. वीज बंद करून (पेटलेल्या दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहणे धोक्याचे आहे) दर तीन महिन्यांनी मी नळी सायट्रिक आम्लाच्या पाण्याने पुसतो. उरला आहे तो जुना दिवा: त्यात पारा असल्याने तो कचऱ्यात टाकता येत नाही, आणि विक्रेता परत घेत नाही.