१६ टीबी पूर्ण आणि डेटापण सेफ, असं कोण सांगत असेल तर आधी हे वाचा

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात घरी किंवा स्टुडिओत नास (सगळ्यांचा डेटा एकत्र ठेवायला राऊटरला जोडायचा डिस्कचा डबा) बसवून देतो म्हणून फिरणारे आता बरेच झालेत. सीसीटीव्ही कॅमेरे बसवणारेच जास्त करून हा साइड धंदा करतात. सगळे चोर नसतात, पण आम्हाला जो भेटला त्याने जे केलं ते पकडायला फक्त वजाबाकी यावी लागते, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

धाकट्या भावाचा लग्नाच्या शूटिंगचा धंदा आहे. घर अनगोळला, एकत्र कुटुंब, आणि सगळ्यांचा डेटा इकडेतिकडे पडलेला, वहिनीच्या लॅपटॉपवर मुलांचे फोटो, वडिलांनी स्कॅन करून घेतलेले शेतीचे उतारे आणि जुनी खरेदीखतं, आणि भावाच्या तर खोकंभर एक्स्टर्नल डिस्क. म्हणून ठरलं की एकच चार डिस्कचा डबा घ्यायचा, राऊटरला जोडायचा, सगळ्यांनी त्यावरच टाकायचं. खडे बाजारातल्या एका दुकानदाराने कोटेशन दिलं, ४ टीबीच्या चार डिस्क, रेड ५ (रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरायची पद्धत, तिचे नंबरवार प्रकार असतात), आणि स्पष्ट सांगितलं की वापरायला १२ टीबीच मिळणार, एका डिस्कएवढी जागा सेफ्टीला जाते. ते आम्हाला महाग वाटलं. नेमकं तेव्हाच हा दुसरा गृहस्थ आला. एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत भावाची आणि त्याची ओळख झालेली, आणि सीमाभागात ‘आपला माणूस’ म्हटलं की अर्धा सौदा तिथंच होतो हे इथं राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. तो म्हणाला, त्या दुकानवाल्याला काय कळत नाही वो, चार डिस्कचे सोळा टीबी पूर्ण देतो, वर रेड लावून देतो, एक डिस्क गेली तरी कशाला काळजी करूलालाय. सगळं मिळून ७२,००० आणि ‘रेड कॉन्फिगरेशन’चे २,५०० वेगळे. दुकानदारापेक्षा बऱ्यापैकी स्वस्त आणि जागा चार टीबी जास्त, कोण नाही म्हणेल?

आता इथंच थांबून हिशोब बघा, कारण सगळी फसवणूक या एका आकड्यात आहे.

४ टीबीच्या चार डिस्क असतील तर रेड ० मध्ये १६ टीबी मिळतात आणि सेफ्टी शून्य, एक डिस्क गेली की सगळं गेलं. रेड ५ मध्ये १२ मिळतात आणि एक डिस्क मेली तरी चालतं. रेड ६ मध्ये ८ मिळतात आणि दोन मेल्या तरी चालतं. रेड १० मध्येपण ८ मिळतात, तिथं जोड्या असतात, प्रत्येक जोडीतली एक एक गेली तर चालतं पण एकाच जोडीतल्या दोन्ही गेल्या तर नाही. नुसत्या दोन डिस्क असतील तर रेड १, एकीची हुबेहूब दुसरी, जागा निम्मी. १६ टीबी पूर्ण पण आणि एक डिस्क गेली तरी चालेल असं पण, हे गणित कुठल्याच रेडमध्ये बसत नाही, कारण हरवलेल्या डिस्कवरचं परत काढायचं तर त्याची काहीतरी नोंद दुसरीकडे ठेवावी लागते आणि नोंद ठेवायला जागा लागते. रेड ५ चं काम साधारण बेरजेसारखं चालतं, तीन डिस्कवर ७, ४ आणि ९ लिहिलं तर चौथीवर बेरीज २०, मग ४ वाली डिस्क गेली तर उरलेल्यावरून ४ काढता येतो. (आत बेरीज नसते, एक्सॉर नावाची क्रिया असते, आणि ती बेरीज एकाच डिस्कवर न ठेवता चारींवर फिरवतात, पण मुद्दा हाच.) ही पद्धत काही नवी नाही, बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांचा पेपर १९८८ चा आहे, म्हणजे ‘आता नवीन टेक्नॉलॉजीत जागा जात नाही’ असं कोण म्हणत असेल तर तेपण थापच.

डबा बसवला तेव्हा स्क्रीनवर १६ दिसत नव्हते, १४.५ दिसत होते. मी विचारलं की दीड टीबी कुठं गेले. त्याने लगेच सांगितलं की डिस्क कंपनी हजाराने मोजते आणि कॉम्प्युटर १०२४ ने, म्हणून कमी दिसतं. आणि हे शंभर टक्के खरं आहे! घरी येऊन गूगल केलं तर तेच लिहिलेलं. तिथंच त्याची हुशारी, खरी गोष्ट सांगून खोटी झाकली, कारण त्याच हिशोबाने रेड ५ चे १२ टीबी असते तर स्क्रीनवर १०.९ च्या आसपास दिसायला पाहिजे होते. १४.५ दिसणं हाच पुरावा होता की एक इंचसुद्धा जागा सेफ्टीला ठेवलेली नाही. तो आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरसारखा रोज आमच्या डोळ्यांसमोर होता.

वळवाच्या पहिल्या पावसात लाईट गेली आली गेली आली, आणि डबा बीप बीप करायला लागला. एक डिस्क मेली. आम्ही निवांत, कारण त्यानेच सांगितलेलं की एक गेली तरी चालतं. फोन केला तर म्हणतो लाईटचा प्रॉब्लेम आहे, यूपीएस घ्यायला पाहिजे होता. यूपीएस पाहिजे हे खरंच आहे, पण त्याने विकताना यूपीएसचा ‘यू’ काढला नव्हता. मग पुण्याला असलेल्या भाच्याने रिमोटवर डबा उघडला, स्टोरेजच्या पानावर गेला आणि जरा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, मामा, हे रेड ० आहे.

रेड ० मध्ये एक डिस्क गेली तर बाकीच्या तीन डिस्कवरचं तरी मिळेल ना, असं सगळ्यांनाच वाटतं. नाही मिळत. फाइलचे बारीक तुकडे करून एक या डिस्कवर एक त्या डिस्कवर असं वाटून ठेवलेलं असतं. तुकडा ६४ केबीचा धरला तर २५ एमबीच्या एका रॉ फोटोचे ४०० तुकडे होतात, त्यातले १०० मेलेल्या डिस्कवर. प्रत्येक फोटोचं हेच. निपाणीच्या एका लग्नाचं शूट होतं, अल्बम द्यायचा बाकी, कार्डं पुढच्या ऑर्डरीला फॉरमॅट झालेली. त्या घरच्यांना काय काय सांगावं लागलं ते इथं लिहीत नाही.

डिस्क बाहेर काढल्यावर दुसरं प्रकरण निघालं. पावतीवर ‘नास डिस्क नवीन’ असं लिहिलेलं. भाच्याने व्हिडिओ कॉलवर एकेक डिस्क कॅमेऱ्यासमोर धरायला लावली. स्क्रू बसतात त्या भोकांच्या कडा घासून चकचकीत झालेल्या, म्हणजे कुणीतरी आधी स्क्रू आवळून सोडलेले. केबल जोडतात त्या सोनेरी पट्ट्यांवर ओरखडे. एका डिस्कच्या स्टिकरचा कोपरा जरा वर आलेला, नखाने ओढला तर खाली दुसरंच स्टिकर, पिवळट पडलेलं, गोंद अजून चिकट. वरच्या स्टिकरवर जो सिरीयल नंबर होता तो आणि डब्याच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच डिस्कचा दिसणारा नंबर वेगळा! आणि स्मार्टच्या यादीत (डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते ती) नऊ नंबरची ओळ असते, डिस्क एकूण किती तास चालली त्याची, तिथं ३७,००० च्या वर. वर्षाचे तास होतात ८,७६०, म्हणजे सव्वाचार वर्षं अखंड चाललेली डिस्क, आणि आमच्या घरात डबा येऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. पण किती वेळा चालू बंद झाली तो आकडा अगदीच लहान. इतके तास अखंड चालू आणि क्वचितच बंद, असा वापर सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या डीव्हीआरमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंगच्या डब्यात, होतो असं भाचा म्हणाला. मग डोक्यात ट्यूब पेटली, हा माणूस मुळात कॅमेरेच बसवतो, जुने काढून नवीन लावतो, जुन्यातल्या डिस्का कुठं जात असतील?

हा प्रकार फक्त आपल्याकडेच होतो असं नाही. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीत सीगेटच्या वापरलेल्या मोठ्या डिस्क दुकानांतून नव्या म्हणून विकल्या गेल्याचं बाहेर आलं, तिथं तर विकणाऱ्यांनी तासांचा आकडापण पुसून शून्य केला होता. त्यामुळे स्मार्टमध्ये शून्य तास दिसले म्हणून लगेच खूश होऊ नका. सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाची वेगळी नोंद असते, स्मार्टमॉनटूल्स (smartmontools) या सॉफ्टवेअरच्या नव्या व्हर्जनमधून ती वाचता येते, तिथले तास आणि स्मार्टचे तास यात मोठा फरक असेल तर गडबड आहे असं समजा. आमच्यावाल्याने तेवढेपण कष्ट घेतले नव्हते, कोण बघतंय म्हणून तसंच दिलं.

तिसरा अंक तर अजून भारी. डेटा गेल्यावर हाच गृहस्थ मदतीला आला, त्याच्या ओळखीची ‘पुण्याची लॅब’ आहे, सगळं काढून देतात, १२,००० ॲडव्हान्स द्या आणि चारी डिस्क माझ्याकडे द्या. भाऊ द्यायला निघालेलाच, घाबरलेल्या माणसाचं असंच होतं. माझी बायको आडवी आली, म्हणाली लॅबचा पत्ता आणि चारी डिस्कचे नंबर लिहून सहीची पोच दे म्हणावं, मग घेऊन जा. त्यानंतर त्याचा फोन उचलणं बंद. ॲडव्हान्सपेक्षा त्याला त्या डिस्क पाहिजे होत्या असं मला वाटतं, दोन स्टिकरवाली डिस्क आमच्याकडे राहिली हे त्याला कळलं होतं. कुणावर अशी वेळ आलीच तर डिस्क कुणाच्या हातात देऊ नका, डबा परत परत चालू करून बघू नका, ‘इनिशियलाइज करू का’ (म्हणजे डिस्क नव्याने तयार करू का) असं विचारलं तर चुकूनपण ओके दाबू नका. आम्ही नंतर कोल्हापूरला एकाकडे दाखवलं, त्याने आधी तपासून अंदाज लेखी दिला, मेलेल्या डिस्कचं डेटा वाचणारं हेड गेलंय, खर्च डब्याच्या किमतीपेक्षा जास्त. सोडून दिलं. उताऱ्यांचे कागद घरात होते ते परत स्कॅन केले, मुलांचे फोटो नातेवाईकांच्या व्हॉट्सॲपवरून जमेल तेवढे गोळा केले, बारीक होऊन आलेले.

आता घेणाऱ्यांसाठी. जो विकतोय त्याला डेटा टाकायच्या आधी सांगा, दोन चार फाइली टाक आणि चालू डब्यातून एक डिस्क ओढून दाखव. चार डिस्कच्या बहुतेक डब्यांत चालू असताना डिस्क काढता येते, रेड ५ असेल तर डबा ओरडेल, ‘डिग्रेडेड’ दाखवेल पण फाइल उघडेल. डिस्क परत घातल्यावर रिपेअर व्हायला बरेच तास लागतात तेवढं थांबा. आम्ही हे विचारलं होतं तेव्हा तो म्हणाला चालू मशीनला हात लावला तर वॉरंटी जाते. असं कोण म्हणाला तर तिथूनच नमस्कार करा. डिस्कचा मॉडेल नंबर आधी लिहून घ्या आणि ती सीएमआर आहे (डेटाच्या पट्ट्या शेजारीशेजारी लिहिणारी) की एसएमआर (पट्ट्या एकमेकींवर चढवून लिहिणारी) ते बघा, एसएमआर डिस्क रेडमध्ये रिपेअरच्या वेळी रडवतात. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या नासवाल्या ‘रेड’ (हे रंगाचं नाव, वरचं रेड नव्हे) मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर आहेत हे ग्राहकांना न सांगता विकल्याचं उघड झालं आणि त्यावर मोठा गदारोळ झाला होता, म्हणजे मोठ्या नावावरपण डोळे झाकून जायचं नाही. सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी दुकानातच तपासा.

आणि खरं सांगायचं तर घरासाठी चार डिस्कची हौसच कशाला? आता आमच्याकडे त्याच डब्यात दोन नव्या डिस्क आहेत, रेड १, आणि एक साधी यूएसबी डिस्क दर रविवारी भरून बहिणीकडे वडगावला जाते. कारण रेड कितीही भारी लावलं तरी पोराने फोल्डर डिलीट केला तर तो दोन्ही डिस्कवरून एकदमच डिलीट होतो, वीज पडली तर डबाच जातो.

तक्रारीचं म्हणाल तर कच्च्या पावतीमुळे जरा अडलं, पण पैसे यूपीआयने दिलेले, ते स्टेटमेंट चाललं. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, त्यातून काही झालं नाही, मग जिल्हा ग्राहक आयोगात. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथंच करता येते. इंग्रजीतून दिली, वकील ओळखीचेच होते. मध्ये एकदा २०,००० देतो, तक्रार मागे घ्या म्हणून निरोप आला, परत ‘आपली माणसं, कशाला वाढवायचं’ हे सुरू. आम्ही नाही म्हटलं.

त्याचं लेखी उत्तर आलंय. त्यात लिहिलंय की ग्राहकाने स्वतःच जास्त जागेसाठी रेड ० मागितलं होतं आणि धोका समजावून सांगितला होता. भावाच्या मोबाइलमध्ये त्याच्याच आवाजातला व्हॉट्सॲप मेसेज आहे, डबा बसवायच्या आदल्या रात्रीचा, ‘एक डिस्क गेली तरी काय होत नाही वो, मी सांगूलोय की’. तो आता माझ्या मोबाइलवर आहे, वकिलांकडे आहे आणि बहिणीकडच्या यूएसबी डिस्कवरपण आहे.