शिफ्ट सोलेनॉइडचा संशय : घरी तपासावं, गॅरेजला दाखवावं की सर्व्हिस सेंटर गाठावं?

कसारा घाट चढून आलो आणि घोटीच्या टोलवरून निघताना माझी चार गिअरची ऑटोमॅटिक तिसऱ्यातच अडकली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी अडेलतट्टू बैलासारखी जागेवर, मग कशीबशी सरकायची. इंजिनचा पिवळा दिवा लागलेला. बाजूला घेऊन बंद केली, पाच मिनिटांनी सुरू केली, तर पाथर्डी फाट्यापर्यंत शहाण्यासारखी आली. दुसऱ्या दिवशी एका सर्व्हिस सेंटरने अख्खी व्हॉल्व्ह बॉडी (गिअरबॉक्समधला ऑइलच्या वाटा आणि सोलेनॉइड असलेला भाग) बदलायचं कोटेशन हातात ठेवलं. दोष निघाला एका शिफ्ट सोलेनॉइडच्या कॉइलमध्ये. शिफ्ट सोलेनॉइड म्हणजे गिअर बदलण्यासाठी ऑइलची वाट उघडबंद करणारा, विजेवर चालणारा छोटा व्हॉल्व्ह.

पुढचं सगळं टॉर्क कन्व्हर्टरवाल्या, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणाऱ्या ऑटोमॅटिकबद्दल आहे. एएमटी म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, त्यात क्लच आणि गिअर यंत्र हलवतं. तिची दुखणी वेगळी.

घरच्या तपासणीपासून सुरुवात करू. ऑनलाइन मिळणारा स्वस्त स्कॅनर बहुतेक वेळा फक्त इंजिनच्या कॉम्प्युटरशी बोलतो आणि पी०७०० दाखवून गप्प बसतो. त्या कोडचा अर्थ एवढाच, की तक्रार गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे आहे, तिकडे विचारा. ‘स्कॅन केलं, गिअरबॉक्स गेला’ असं पी०७०० बघून कुणी म्हणालं तर चहा पिऊन निघा.

खरा कोड पी०७५० च्या पुढचा. पहिल्या सोलेनॉइडचे कोड पी०७५० पासून, दुसऱ्याचे पी०७५५ पासून, तिसऱ्याचे पी०७६० पासून. पण आपल्याला काय करायचं ते शेवटचा आकडा सांगतो. पी०७५३, पी०७५८, पी०७६३ हे विजेच्या बाजूचे दोष : कॉइल तुटली, शॉर्ट झाली, वायर किंवा कनेक्टर गेला. पी०७५१ किंवा पी०७५२ आला तर वीज बहुधा ठीक आहे, पण ऑइल हवं तिथे पोचत नाही किंवा थांबत नाही. तिथे मल्टिमीटरचा फारसा उपयोग नाही.

विजेचा दोष मात्र घरी पकडता येतो. गिअरबॉक्सवरचा कनेक्टर काढून एकेका सोलेनॉइडचा रेझिस्टन्स मोजायचा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडायचा. माझ्या गाडीत सकाळी थंड असताना दोन्ही शिफ्ट सोलेनॉइड १३ ओहमच्या आसपास. सगळं छान! मग गंगापूर रोडला अर्धा तास फिरवून आणली आणि पुन्हा मोजलं. एक १६ च्या पुढे, जे बरोबरच आहे, तांब्याचा रेझिस्टन्स तापल्यावर वाढतो. दुसऱ्यावर मीटर ‘ओएल’. सर्किट तुटलेलं. पुन्हा थंड झाल्यावर तोच सोलेनॉइड १३ वर. घाटात अडकून पाच मिनिटांनी सुधारायचं कारण हेच. थंड गाडी मोजून ‘ओके’ म्हणणारे इथेच फसतात.

एक सांभाळा : टकटक आवाज ऐकायला बॅटरीचे १२ व्होल्ट थेट लावायची युक्ती फक्त ऑन-ऑफ सोलेनॉइडला चालते. प्रेशर नियंत्रित करणाऱ्या, पाचेक ओहमच्या कॉइलला ती लावली तर कॉइल जळू शकते.

चांगल्या गॅरेजचा फायदा कोड पी०७५१ जातीचा असेल तेव्हा. त्यांच्याकडे गिअरबॉक्सचे कोड वाचणारा स्कॅनर आणि ऑइलचा दाब मोजणारं प्रेशर गेज दोन्ही आहेत का, हे गाडी आत घेण्याआधी विचारा. नाशिकात द्वारका असो की अंबड, बोर्डवर ‘ऑटोमॅटिक स्पेशालिस्ट’ लिहिलेल्या प्रत्येकाकडे गेज नसतं. गेज असलेला मिस्त्री आधी ऑइलची पातळी बघतो, बोटावर घेऊन वास घेतो. जळका वास, काळपट रंग असेल तर सोलेनॉइड बदलून भागणार नाही, क्लच प्लेटा झिजल्यात. गिअर बदलताना आरपीएम उगाच वर उडत असेल तरी हीच शंका घ्या. दुधट गुलाबी ऑइल म्हणजे कूलरमधून पाणी शिरलंय. आणि हो, वायरिंग. पार्किंगमधल्या उंदरांनी कुरतडलेली वायरसुद्धा पी०७५३ च देते. त्यामुळे कॉम्प्युटरच्या टोकाला सर्किट तुटलेलं आणि गिअरबॉक्सच्या टोकाला ठीक आलं, तर गिअरबॉक्सचं ऑइल चेंबर खोलायची गरज नाही.

सर्व्हिस सेंटरकडे कंपनीचं सॉफ्टवेअर असतं. नवा सोलेनॉइड किंवा व्हॉल्व्ह बॉडी बसवल्यावर बऱ्याच गाड्यांच्या गिअरबॉक्स कॉम्प्युटरला नव्याने शिकवावं लागतं, नाहीतर झटके येत राहतात. हे काम तिथेच नीट होतं. पण सुटा सोलेनॉइड बदलण्यापेक्षा पूर्ण असेंब्लीकडे त्यांचा कल असतो. मलाही तोच अनुभव.

वॉरंटी शिल्लक असेल तर कनेक्टरलाही हात लावू नका, सरळ तिकडे. वॉरंटी संपलेली, कोडचा शेवट विजेचा आणि डिपस्टिकवरचं ऑइल लालसर असेल तर मी आधी मीटर काढेन, तोही गाडी तापवून. कोड ऑइलच्या बाजूचा असेल तर गेजवालाच शोधेन आणि तोपर्यंत कसाऱ्याकडे गाडी काढणार नाही.