कोंबड्यांच्या शेडमधल्या अमोनियाच्या पट्ट्या: सात महिन्यांनंतर

रोज शेडमध्ये वावरणाऱ्याचं नाक अमोनियाला सरावतं. आम्हाला काही जाणवत नाही, पाहुणा मात्र दारातच डोळे चोळतो. म्हणून मार्चमध्ये मावळातल्या आमच्या ब्रॉयलर (मांसाच्या कोंबड्यांच्या) शेडला अमोनिया ओळखणाऱ्या सहा छापील पट्ट्या लावल्या. सध्या चौथी बॅच चालू आहे.

पट्टी म्हणजे प्लॅस्टिकची पातळ फिल्म. तिच्यावर चांदीच्या शाईने दोन कंगवे एकमेकांत अडकवल्यासारखी नक्षी छापलेली, आणि वर पॉलीअ‍ॅनिलीनचा हिरवा थर. हे वीज वाहणारं पॉलिमर. अशा पॉलिमरांच्या शोधालाच २००० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. अमोनिया या थरातले प्रोटॉन ओढून घेतो, तसा थराचा विजेला होणारा रोध चढतो. हवा मोकळी झाली की हळूहळू उतरतो. आधी एमक्यू-१३५ हा गॅस सेन्सर वापरला होता, पण त्यातला हीटर सतत तापता ठेवावा लागतो आणि बॅटरी बघता बघता बसते. इथे हीटरच नाही.

मला सगळ्यात आवडलं ते तिचं वाकणं. अमोनिया लिटरमधून, म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या तुसातून उठतो, पक्ष्याची चोच जमिनीपासून वीतभर वर, आणि आपण अमोनियाचा मीटर धरतो छातीशी! पट्टी मी खाद्याच्या पाइपला गुंडाळली, थेट पक्ष्यांच्या उंचीवर. पहिल्याच बॅचला पडदे बंद असताना पहाटे तिथला रोध उभा चढलेला दिसला. सुपरवायझरच्या मीटरवर त्या जागी २५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) वर आकडा आला. माणसांसाठीसुद्धा आठ तासांची शिफारस तेवढीच आहे. त्या दिवसापासून पहाटे पडदे चार बोटं खाली ठेवतो.

मग आला पाऊस. इथे पट्टीने रडवलं. दमट हवेत तिचा रोध घसरतो, अमोनियाने चढतो, आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. गंमत अशी, की तूस ओलं होऊन अमोनिया जोरात सुटतो तो नेमका याच दिवसांत. जुलैत आठवडाभर पट्ट्या ‘सगळं ठीक’ सांगत होत्या, आणि पक्ष्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पट्ट्या देणाऱ्यांनी दमटपणाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. आता शेजारी डीएचटी-२२ हा आर्द्रता मोजणारा सेन्सर लावलाय आणि आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली की पट्टीवर विश्वास ठेवत नाही; सरळ खाली बसून वास घेतो, तूस मुठीत दाबून बघतो.

बाकी किरकोळ. तुसाची आणि पिसांची धूळ बसते. पुसायला गेलो तर एका पट्टीचा थरच निघाला, म्हणून आता वर मलमलचा तुकडा बांधतो. बॅच निघाल्यावर फॉर्मेलिनची धुरी द्यायच्या आधी पट्ट्या काढून ठेवतो. सहापैकी दोनांचा मूळ रोध इतका सरकलाय की स्वच्छ हवेतही त्या चढलेल्याच दिसतात.

पीपीएमचा नेमका आकडा हवा असेल तर हे घेऊ नका, मीटरच घ्या. मला हवा असतो तो कल: कालपेक्षा आज वाईट की बरं, आणि शेडच्या कुठल्या कोपऱ्यात. पक्ष्यांना पाणी प्यायच्या निपलमधून पाणी गळत होतं तो पूर्वेचा कोपरा मला पट्टीनेच दाखवला, तूस काळं पडायच्या आधी. दिवाळीनंतरच्या बॅचसाठी आणखी चार मागवल्यात. या खेपेला प्रत्येकीच्या पाठीवर लावल्याची तारीख लिहिणार आहे.