मेटग्लास २७१४ए रिबन: क्यूरी बिंदूजवळ रोधकता मोजायला कशी आहे?

क्यूरी तापमानाजवळची (ज्या तापमानाला पदार्थ चुंबकत्व सोडतो, त्याच्या आसपासची) रोधकता मोजायची असेल, तर मेटग्लास या नावाने तयार मिळणाऱ्या अस्फटिकी, म्हणजे अणूंची नियमित मांडणी नसलेल्या धातूच्या रिबनपैकी कोबाल्टप्रधान २७१४ए आधी घ्यावी. हिचं क्यूरी तापमान २२५ अंश सेल्सियस, आणि स्फटिकीभवन थेट ५५० च्या आसपास. लोह-निकेलची २८२६एमबी ३५३ अंशांना चुंबकत्व सोडते आणि ४१० ला स्फटिक धरू लागते. तिथे रोधकतेच्या वक्रात दिसलेला बाक चुंबकीय की रचना बदलल्याचा, हे ठरवणं अवघड जातं.

निकेलसारखा ठसठशीत बाक मात्र इथे मिळणार नाही. रोधकता १४२ मायक्रोओम-सेंटिमीटर, आणि तिचा मोठा भाग अणूंच्या विस्कळीत मांडणीचा. चुंबकीय वाटा लहान. म्हणून रोधकतेचा तापमानासापेक्ष अवकलज (बदलाचा दर) काढावाच लागतो. तो संक्रमणाजवळ विशिष्ट उष्णतेसारखा वागतो, हे फिशर आणि लँगर यांनी १९६८ मध्ये दाखवलं; खरी गंमत त्या वक्रात आहे.

१ मिमी रुंद, १८ मायक्रोमीटर जाड पट्टीवर व्होल्टेजच्या टोकांत २ सेमी अंतर ठेवलं की रोध सुमारे १.६ ओम येतो. १० मिलिअँपिअरला १६ मिलिव्होल्ट. अंशामागे दहा हजारांत एक भाग बदल धरला, तर ०.१ अंशाला जेमतेम १६० नॅनोव्होल्ट! जोडांवरचं औष्णिक व्होल्टेज याहून सहज मोठं असतं, त्यामुळे प्रत्येक वाचनाला प्रवाह उलटा करून सरासरी घ्यावी.

साधं कथील-शिशाचं सोल्डर या तापमानाला वितळतं. स्पॉट वेल्डिंग करा, पण कमीत कमी ऊर्जेवर आणि पट्टीच्या कडेला, कारण डाग पडतो तिथे स्फटिक तयार होतात. कापणं आणि वेल्डिंग अनीलिंगच्या (तापवून धरून ठेवण्याच्या) आधी उरका, नंतर रिबन ठिसूळ होऊ शकते. मग निर्वातात किंवा अरगॉनमध्ये ३०० अंशांना काही तास ठेवा. ताज्या रिबनची रचना पहिल्या तापवणीत सैलावते आणि रोधकता कायमची सरकते. चढता-उतरता वक्र एकमेकांवर बसेपर्यंत आकडे वापरू नयेत.

या रिबनचा खरा दोष जाडीचा. रिबन ज्या फिरत्या चाकावर ओतून बनते, त्या चाकाकडची बाजू खडबडीत असल्याने मायक्रोमीटर उंचवट्यांवर टेकतो आणि रोधकता जास्त निघते. वस्तुमान, लांबी आणि ७.५९ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर ही घनता वापरून छेदक्षेत्र काढा. अवकलजाचा आकार यामुळे बिघडत नाही, फक्त मोजपट्टी बदलते. हीटरची तार मात्र दुहेरी गुंडाळलेली हवी, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्या प्रवाहांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना रद्द करतात. इतक्या मृदू चुंबकीय पदार्थावर हीटरच्या क्षेत्राचाही परिणाम होतो आणि संक्रमण बोथट दिसतं.