वापरलेली पल्सर १५०: मीटर खोटं, झीज खरी

"सिंगल हँड, डॉक्टरांची गाडी, फक्त घर ते दवाखाना." जुन्या गाड्यांच्या बाजारात हे वाक्य ऐकलं की इतक्या डॉक्टरांनी नेमक्या पल्सरच कशा घेतल्या, असा प्रश्न पडतो. मीटरवर २३ हजार किलोमीटर दिसतात. फूटरेस्टचं रबर मात्र गुळगुळीत आणि मागच्या स्प्रॉकेटचे (चेनच्या दातेरी चाकाचे) दात शार्कच्या पंखासारखे एका बाजूला झुकलेले. अशा वेळी विश्वास स्प्रॉकेटवर ठेवायचा. मीटर फिरवता येतं, झीज फिरवता येत नाही.

बजाजने पल्सर २००१ मध्ये आणली आणि २००३ मध्ये तिला दोन स्पार्क प्लगचं डीटीएस-आय इंजिन दिलं. इथे विचार केला आहे तो साधारण २०१० पासून मार्च २०२० पर्यंतच्या, कार्ब्युरेटरवाल्या १५० चा. बीएस-६ च्या प्रदूषण नियमांनंतर इंधनपुरवठ्याचं तंत्रच बदललं, त्यामुळे ती गाडी वेगळी. पूर्वीचा कसलाच हिशेब हाती नसलेली गाडी घ्यायचीच असेल, तर आमची पहिली पसंती हीच. कारण साधं आहे: हिच्यातलं जे जे अज्ञात आहे, त्यातलं बहुतेक सगळं तालुक्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं आणि साध्या गॅरेजमध्ये बदलता येतं. अट एकच, "आत्ता चालतंय ना, मग राहू दे" हा विचार पहिले हजार किलोमीटर बाजूला ठेवायचा.

गाडी घरी आली की लोक आधी ऑइल बदलतात. ऑइल बदलायचंच, पण त्याआधी ब्रेक. पुढे डिस्क आहे आणि तिचं फ्लुइड बहुतेक मालकांनी गाडी विकेपर्यंत एकदाही बदललेलं नसतं. ते हवेतला ओलावा शोषतं; रंग चहासारखा झाला म्हणजे त्याचे दिवस भरले. घाटात सतत ब्रेक लावला की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि लिव्हर स्पंजासारखा आत जातो. कोणतं फ्लुइड घालायचं ते मास्टर सिलिंडरच्या झाकणावरच लिहिलेलं असतं. सीलबंद छोटी बाटली घ्या, गॅरेजमधली उघडी नको. कॅलिपरच्या (डिस्कला पकडणाऱ्या भागाच्या) निपलला पारदर्शक नळी लावायची, लिव्हर दाबून धरायचा, निपल पाव फेरा सैल करून लगेच आवळायचा, मग लिव्हर सोडायचा. नळीतून स्वच्छ, बुडबुडे नसलेलं फ्लुइड येईपर्यंत हेच. मध्येच वरची टाकी रिकामी झाली तर हवा आत जाते आणि सगळं पहिल्यापासून. पेट्रोलच्या टाकीवर थेंब पडला तर लगेच पाण्याने पुसा, नाहीतर रंग जातो.

कॅलिपर उघडलंच आहे तर दोन्ही पॅड शेजारी ठेवून पाहा. एक पातळ आणि दुसरा जाड असेल तर कॅलिपर ज्यांवर सरकतं त्या सरकपिना अडकल्या आहेत. त्या साफ करून ब्रेकसाठीचं ग्रीस लावायचं. नुसते नवे पॅड घातले तर महिन्याभरात तीच गत होईल. मागे ड्रम असेल तर त्यातले लायनर घासलेत का, हे बाहेरच्या आर्मवरच्या खुणेवरून कळतं. ड्रममधली धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

आता ऑइल. गाडी पाचेक किलोमीटर फिरवून इंजिन गरम करा, मग ड्रेन बोल्ट काढा. बोल्टचा वॉशर नवा. आटे ॲल्युमिनियमचे असतात. जोर लावून आवळणारा आधीचा मेकॅनिक भेटला असेल तर बोल्ट नुसता फिरत राहतो. म्हणून तो गाडी घेण्यापूर्वीच पाहावा, खालून ऑइलचा ओघळ दिसतोच. ऑइल निथळलं की तळाची जाळी काढून धुवायची आणि लहान झाकणाखालचा कागदी फिल्टर बदलायचा. काढताना त्याची दिशा लक्षात ठेवा. झाकणाची ओ-रिंगही नवी. दहा-वीस रुपये वाचवून जुनीच बसवली की दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये डाग. भरायचं २०डब्ल्यू५० ऑइल, सुमारे एक लिटर. इंजिन मिनिटभर चालवून बंद करायचं, थोडं थांबायचं आणि गाडी सरळ उभी धरून काचेतून पातळी पाहायची.

डब्यावर 'जासो एमए' ही बाइकच्या ऑइलची खूण असलीच पाहिजे. क्लच याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, आणि कारच्या ऑइलमधली घर्षण कमी करणारी रसायनं क्लचप्लेट घसरवतात. चढावर इंजिन ओरडतं पण वेग वाढत नाही, असं असेल तर लगेच प्लेटचा सेट आणायला धावू नका. आधी केबलला लिव्हरपाशी २-३ मिमी मोकळीक आहे का पाहा, मग योग्य ऑइल घालून थोडे दिवस चालवा. तरीही घसरला, तर प्लेट.

निघालेलं ऑइल टाकून देण्याआधी पांढऱ्या ताटलीत थोडं घ्या. काळं असणं ठीक. बोटाला लागतील असे धातूचे कण ठीक नाहीत. आणि दुधाळ दिसलं तर थांबा: हे इंजिन हवेवर थंड होतं, कूलंट मिसळण्याचा प्रश्नच नाही, म्हणजे पाणी बाहेरून आलंय. रोज दोनच किलोमीटर चालणाऱ्या गाडीत वाफेचं पाणी थोडंफार साचतं, पण भरपूर पाणी म्हणजे गाडी बुडालेली असण्याची शक्यता. सांगली-कोल्हापूरकडे २०१९ मध्ये आणि चिपळूणला २०२१ मध्ये जे झालं, त्यानंतर हा प्रश्न विचारण्यात संकोच नको. हेडलाइट उघडा; आत आणि कनेक्टरच्या खाचांत वाळलेला गाळ असेल तर उत्तर मिळालं.

ऑइल ५०० किलोमीटरला पुन्हा बदलायचं. जुना गाळ नव्या ऑइलमध्ये सुटून येतो, म्हणून पहिली भरती धुण्यासाठीच समजा. डिझेल घालून इंजिन 'फ्लश' करण्याची पद्धत मात्र टाळा, बेअरिंगवरचा ऑइलचा थर त्याने धुऊन जातो.

स्पार्क प्लग दोन आहेत, हे इथे ठळकपणे सांगावं लागतं. सहज हाताला येणारा एक बदलतात आणि अडचणीतला तसाच राहतो. एका प्लगवरही गाडी चालते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. ॲव्हरेज आणि पिकअप तेवढे मंदावतात. दोन्ही एकदम बदला, गॅप ०.७ ते ०.८ मिमी. काढलेले प्लग जोडीने पाहा: फिकट तपकिरी उत्तम, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, ओलसर तेलकट काळे म्हणजे ऑइल जळतंय.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हपाशी ठेवायची बारीक फट, इंजिन पूर्ण थंड असताना, रात्रभर उभ्या गाडीवर, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) लावायचे: इनलेट ०.०५ मिमी, एक्झॉस्ट ०.१० मिमी. गरम इंजिनवर कानाने लावणारे उस्ताद पुष्कळ आहेत आणि आवाज बंद झाला की गिऱ्हाईकही खूश होतं. पण टिकटिक करणारा टॅपेट परवडला, गप्प बसवलेला नाही. गॅपच उरला नाही तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि व्हॉल्व्हची कड जळते. मग हेड उघडण्यावाचून इलाज नाही. टॅपेट लावूनही खडखड राहिली तर टायमिंग चेन आणि तिचा टेन्शनर तपासा.

हवा आणि पेट्रोल यांचं काम त्यामानाने सोपं. एअर फिल्टर नवा घाला, कार्ब्युरेटर उघडून जेट साफ करा, पडद्याचं रबर उजेडासमोर धरून भोक आहे का पाहा. कार्ब्युरेटर आणि हेड यांच्यामधलं रबर तडकलं असेल तर आयडलिंग आपोआप वर-खाली होतं, आणि मेकॅनिक बिचारा स्क्रू पिळत बसतो. पेट्रोलचे पाइप बदलूनच टाका: या गाड्यांची रबरं आजच्या ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलच्या आधीची आहेत, कडक होऊन चिरतात. टाकीत टॉर्च मारून गंज पाहायला विसरू नका.

बॅटरीसाठी साधा मल्टीमीटर पुरतो. रात्रभर उभी असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, इंजिन रेस केल्यावर १३.८ ते १४.५. वाढतच नसेल तर नवी बॅटरी घेऊन उपयोग नाही, दोष चार्जिंगमध्ये आहे. आधीच्या मालकाने जोडलेले जादा हॉर्न, फ्लॅशर, रिमोटचा अलार्म हे सगळं काढून टाका. या गाड्यांच्या विजेच्या तक्रारींची सुरुवात बहुधा चिकटपट्टी गुंडाळलेल्या अशाच एखाद्या जोडापाशी सापडते.

चेनचा ढिलेपणा २५ ते ३० मिमी. चाक फिरवत चार ठिकाणी मोजा; एका जागी ताठ आणि दुसरीकडे सैल असेल तर चेन गेली. बदलताना चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदम. जुन्या दातांवर नवी चेन म्हणजे पैसे पाण्यात. ओ-रिंगची चेन असेल तर केरोसीनने पुसा, पेट्रोलने नव्हे. मागचं चाक काढलंच आहे तर हबमधली, चेनचे धक्के शोषणारी डंपर रबरंही पाहून घ्या. ती चपटली की गिअर टाकताना खाडकन आवाज येतो आणि दोष उगाच गिअरबॉक्सला जातो.

कोनसेट (हँडल ज्यांवर वळतं ती बेअरिंगं) तपासायला गाडी डबल स्टँडवर, पुढचं चाक हवेत. हँडल अगदी हळू फिरवा. मधोमध आल्यावर खाचेत बसल्यासारखं अडकत असेल तर सेट बदलायचा. आवळून ते जात नाही. टायरवरच्या चार अंकी शिक्क्यात पहिले दोन अंक आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी कितीही छान असो, रबर कडक होऊन बाजूला चिरा पडलेला टायर पावसाळ्यात घात करतो. हवा पुढे २५, मागे एकट्याला २८, डबलसीट ३२.

एवढं झाल्यावर जी पल्सर हाती येते ती शहरात आणि ७०-७५ च्या वेगाने हायवेवर भरवशाची. ८० च्या पुढे हात-पाय थरथरतात आणि सिग्नलला न्यूट्रल शोधावा लागतो. क्लच नीट लावल्याने दुसरी तक्रार कमी होते, पहिली नाही. नवी शांत गाडी चालवायची सवय असलेल्याने ही घेऊ नये.

किंमत ठरवताना चेन किट, दोन टायर, बॅटरी आणि कोनसेट यांचे पैसे आधीच वजा करून बोला. ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दिल्यावर निळा धूर आला तर हेड किंवा पिस्टन-रिंगचं काम धरा, तेही करता येण्यासारखं आहे. थंडीत सकाळी क्षणभर येणारी पांढरी वाफ सोडून द्या.

चेसिस मात्र वेगळी. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून फ्रेमवरचे थांबे पाहा. एक चेपलेला किंवा पुन्हा वेल्डिंग केलेला असेल तर गाडी समोरून आपटली आहे. मग मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंनी सुतळी ताणून पुढच्या चाकापर्यंत न्या. पुढचं टायर अरुंद असल्याने दोन्हीकडे थोडी जागा उरेल, ती सारखी असली पाहिजे. सारखी नसेल तर आधी चेन ॲडजस्टरच्या खुणा जुळवून पुन्हा मोजा. तरीही फरक राहिला, तर विकणाऱ्याला चहाचे पैसे देऊन निघा.