एसीचा बोर्ड बदलण्याआधी केबल बदलून बघायला सांगा

साडेनऊ हजार गेले. त्याहून जास्त लागलं ते हे, की मी त्या माणसाला दोनदा चहा करून दिला.

एप्रिल महिना. राजारामपुरीतलं आमचं घर जुनं, स्लॅब तापला की वरच्या खोलीत सासूबाईंना रात्रीसुद्धा झोप लागत नाही. म्हणून तीन वर्षांपूर्वी त्यांच्यासाठी दीड टनाचा इन्व्हर्टर एसी घेतला. तो एका दुपारी गार हवा द्यायचा थांबला आणि डिस्प्लेवर कोड लुकलुकायला लागला. पुस्तिकेत अर्थ होता : इनडोअर-आउटडोअर कम्युनिकेशन एरर, म्हणजे खोलीतल्या आणि गच्चीवरच्या युनिटचा संपर्क तुटलाय.

पहिली चूक माझीच. पावती कपाटात होती, तिच्यावर कंपनीचा नंबरही होता. पण उठायचा कंटाळा. मोबाइलवर कंपनीचं नाव घालून ‘कस्टमर केअर कोल्हापूर’ शोधलं आणि सगळ्यात वर आला तो नंबर लावला. पलीकडून कंपनीच्याच नावानं नमस्कार झाला, मग शंका कसली घेणार? तासाभरात माणूस दारात.

गच्चीवर जाऊन पाच मिनिटांत खाली आला. “वहिनी, भायेरचा बोर्ड गेलाय बघा. नवा साडेबाराला पडतोय. आज्जींना उकडतंय म्हणून साडेनऊत बसवून देतो.” बोर्ड म्हणजे बाहेरच्या युनिटमधलं इलेक्ट्रॉनिक सर्किट. मी वॉरंटी विचारली. “ती फकस्त कॉम्प्रेसरला असती.” तेव्हाही मी पावती काढून बघितली नाही.

बोर्ड पिशवीत घालून घेऊन गेला, संध्याकाळी ‘नवा’ आणून बसवला. एसी लगेच सुरू. पैसे मोबाइलवरून पाठवले ते कुठल्याशा माणसाच्या खात्यात. बिल म्हणून वहीचं फाडलेलं पान. जुना बोर्ड मागितला तर म्हणाला, कंपनीत जमा करावा लागतो.

जूनमध्ये पावसानं जोर धरला आणि तोच कोड पुन्हा. तो नंबर आता बंद. या वेळी मुकाट्यानं पावती काढली. कंपनीचा खरा मेकॅनिक आला आणि गच्चीवर जायच्या आधी त्यानं कागद मागितले. माझ्या मॉडेलच्या बोर्डाला पाच वर्षांची वॉरंटी होती! मग त्यानं आउटडोअर उघडून बोर्डावरच्या स्टिकरचा नंबर त्याच्या नोंदीशी ताडून बघितला. बोर्ड पहिल्या दिवसाचाच. बदललाच नव्हता, नुसता फिरवून आणला होता.

त्यानं पुढं जे केलं, त्यासाठी हे लिहितेय. मेन बंद करून त्यानं दोन्ही युनिटना जोडणारी जुनी केबल दोन्हीकडून सोडवली, दुसरी सलग केबल खिडकीतून तात्पुरती ओढून जोडली आणि एसी लावला. कोड गायब, हवा गार. म्हणजे दोन्ही बोर्ड ठणठणीत. एसी बसवताना केबल कमी पडली म्हणून गच्चीवर जोड मारला होता, त्यात पाणी जाऊन तांबं हिरवं पडलेलं. त्या जोडावर जुन्या टेपवर नवी काळी टेप होती. पहिल्यानं दुखणं बरोबर ओळखलं होतं, टेप मारली आणि पैसे बोर्डाचे घेतले.

हे असं का चालून जातं? साध्या जुन्या एसीत आतलं युनिट बाहेरच्याला एवढंच सांगायचं, चालू हो नाहीतर बंद हो. इन्व्हर्टरमध्ये कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त होतो, म्हणून खोलीचं तापमान किती, रिमोटवर किती लावलंय, हे सारखं कळवावं लागतं. त्यासाठी फेज, न्यूट्रल आणि अर्थिंगच्या जोडीला सिग्नलची वेगळी वायर असते. ती तुटली तरी कोड तोच आणि बोर्ड जळला तरी तोच. कोड फक्त एवढंच सांगतो, की दोघांचं बोलणं बंद आहे.

माझा मामेभाऊ अमेरिकेत असतो, त्याला हे सांगितलं तर तो हसायलाच लागला. त्याच्या तळघरात गॅसची फर्नेस आहे, ती डक्टमधून घरभर गरम हवा सोडते. तापमान लावायचा भिंतीवरचा साधा थर्मोस्टॅट म्हणजे तिथं २४ व्होल्टचा स्विच, आर आणि डब्ल्यू या वायरी जोडल्या की फर्नेस पेटते. याचा मात्र कम्युनिकेटिंग, त्याच कंपनीच्या फर्नेसशीच बोलणारा. चार वायरी : दोन विजेच्या, दोन निरोपाच्या. ऐन थंडीत संपर्क तुटला आणि त्यालाही बोर्डच सांगितला गेला. या पठ्ठ्यानं थर्मोस्टॅट भिंतीवरून काढला, खाली नेऊन वीतभर वायरनं फर्नेसलाच जोडला. चालला! दोष भिंतीतल्या वायरीचा.

आपल्याकडं मात्र हा प्रयोग स्वतः करू नका. इथं २३० व्होल्ट आहेत, आणि मेन बंद केल्यावरही आउटडोअरच्या कपॅसिटरमध्ये काही वेळ जोरदार झटका शिल्लक असतो. मेकॅनिककडूनच करून घ्या, समोर उभं राहून. जमल्यास बोर्डाच्या स्टिकरचा फोटो त्यालाच काढायला लावा.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन केला. तक्रार कुणाविरुद्ध, असं विचारल्यावर माझ्याकडं वहीचं एक पान होतं.

आता कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवलाय : पावतीवरचा नंबर, वॉरंटीची तारीख, बोर्डाचा नंबर. खाली सासूबाईंनी पेनानं लिहिलंय, “चहा नाही.”